कोलंबियाला जाताय? मग हे वाचाच!

परदेशी जायचं म्हटलं की आपल्याकडे अमेरिका, जर्मनी, सिंगापूर ही नावं ठरलेली. तिथे खोली कशी शोधायची, कुठलं कार्ड घ्यायचं, हे सांगायला दहा सिनियर्स हजर असतात. पण उष्ण कटिबंधातले स्पॅनिश बोलणारे देश म्हटले की सगळ्यांचीच पाटी कोरी! फार तर फुटबॉल, शकिरा आणि वेब सिरीजमधले माफिया एवढंच आपलं ज्ञान. मला सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी कोलंबियातल्या मेदेयीन शहरात जायला मिळालं (आपले पेपरवाले मेडेलिन लिहितात, पण तिथे तसं म्हटलं तर कुणाला कळत नाही). त्यानंतर दहा दिवस किनाऱ्यावर भटकलो. जाण्याआधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी या लेखात आहेत. बहुतेक गोष्टी पनामा, इक्वेडोर, कोस्टा रिका इकडेही उपयोगी पडतील, पण नियम प्रत्येक देशाचे वेगळे, ते त्या त्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघूनच घ्यायचे.

कागदपत्रांचं आधी उरकून टाकू. कोलंबियाचा व्हिसा अर्ज ऑनलाइन होतो. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असेल तर पर्यटकाला काही अटींवर वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र इंटर्नशिपला जाणाऱ्याने पर्यटकाच्या शिक्क्यावर जाऊ नये, त्यासाठीचाच व्हिसा काढावा. मुंबईहून थेट विमान नाही. युरोप किंवा इस्तंबूलमार्गे जावं लागतं, म्हणून तिकीट काढण्याआधी मधल्या विमानतळावर ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते पाहा. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून नाचायचं आणि मग कळायचं की मधे विमान बदलायलाच व्हिसा हवा, हे प्रकार होतात. उतरल्यावर परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता विचारतात. दोन्ही कागदावर छापलेले ठेवा. कारण फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते!

आता सगळ्यात महत्त्वाचं, पिवळं कार्ड. म्हणजे यलो फिव्हरची, पीतज्वराची लस घेतल्याचं प्रमाणपत्र. एका एजंटाने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "कोलंबियावाले भारतीयांकडे लस मागत नाहीत, कशाला पैसे घालवता?" मेख इथेच आहे. कार्ड मागतो तो आपला भारत, आणि तेही परत येताना! पीतज्वर ज्या देशांत आहे तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि कार्ड नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आपलं सरकार याबाबतीत एवढं कडक का, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. हा रोग पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे, तोच डेंग्यूवाला. आपल्या लोकांना या विषाणूची प्रतिकारशक्ती नाही. म्हणजे लाकूडफाटा रचून तयार आहे, फक्त ठिणगी अजून आलेली नाही. ती येऊ नये म्हणून ही खबरदारी. एप्रिल २०२५ मध्ये तर कोलंबियानेच पीतज्वरामुळे आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती, त्यामुळे लस आपल्या स्वतःसाठीही हवीच.

ही लस कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे मिळत नाही. सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि एका कुपीत अनेकांचे डोस असल्यामुळे केंद्रांचे वार ठरलेले असतात. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. म्हणजे निघायच्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही, निदान महिनाभर आधी नंबर लावा. एकदा घेतली की जुलै २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे कार्ड आयुष्यभर चालतं. पनामा, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया, व्हेनेझुएला हे देशही याच यादीत येतात. कोस्टा रिका यादीत नाही, पण कोलंबियातून तिथे जाणाऱ्याकडे तेसुद्धा हेच कार्ड मागतात. थोडक्यात, पासपोर्टच्या कव्हरमध्येच कार्ड ठेवून द्या.

आता बॅगेत काय भरायचं? इथे मेकॅनिकलवाल्यांनी जरा लक्ष द्यावं. बोगोता हे राजधानीचं शहर विषुववृत्तापासून पाच अंशांच्या आत आहे, म्हणजे आपल्या कन्याकुमारीपेक्षाही जवळ. तेव्हा तिथे घामाच्या धारा लागत असतील असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात वर्षभर सरासरी तापमान १४ अंशांच्या आसपास! कारण शहर २,६४० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्याच्या डोक्यावर आणखी हजार मीटर चढा म्हणजे बोगोता. दर हजार मीटरला साधारण सहा अंश तापमान उतरतं, हा शाळेतला नियम. किनाऱ्यावर कार्ताहेनाला २८ अंश, मेदेयीन दीड हजार मीटरवर म्हणून २२ च्या आगेमागे, आणि बोगोता १४. गणित बऱ्यापैकी जमतं. तिथले लोक ऋतूंऐवजी उंचीनेच हवामान सांगतात. हजार मीटरपर्यंत 'तिएर्रा कालिएन्ते' म्हणजे उष्ण जमीन, दोन हजारांपर्यंत 'तेम्प्लादा', त्यावर 'फ्रीआ'. कुठे काय पिकतं, तेसुद्धा यावरून ठरतं. म्हणून हॉटेलचं बुकिंग करण्याआधी त्या गावाची उंची बघा. एकाच आठवड्यात तुम्हाला बनियनही लागेल आणि स्वेटरही. सान्ता मार्ता गावी तर समुद्रात पाय बुडवून उभं राहायचं, आणि तिथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर ५,७०० मीटरची बर्फाची शिखरं! हवा स्वच्छ असली तरच दिसतात, आम्हाला दिसली नाहीत, तो भाग वेगळा.

ऋतूंवरून एक घोळ होतो. तिकडे 'इन्बिएर्नो' म्हणजे खरं तर हिवाळा, पण कोलंबियात तो शब्द पावसाळ्यासाठी वापरतात आणि कोरड्या दिवसांना 'बेरानो' म्हणजे उन्हाळा. डोंगराळ भागात पाऊस दोनदा येतो, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दिवस बाराही महिने बारा तासांचाच, सहा-साडेसहाला अंधार पडतो आणि तोही झटकन. संध्याकाळी जरा फिरून येऊ म्हणेपर्यंत रात्र झालेली असते.

उंचीचा विषय निघालाच आहे तर एका इंजिनिअरची ओळख करून देतो. फ्रान्सिस्को होसे दे काल्दास (१७६८ ते १८१६). पोपायान गावचा हा माणूस १८०० च्या सुमारास ज्वालामुखीच्या डोंगरावर थर्मामीटर घेऊन गेला आणि थर्मामीटर मोडला. तो पुन्हा आखताना त्याच्या लक्षात आलं की उकळत्या पाण्याचं तापमान उंचीप्रमाणे बदलतं, मग पाणी उकळूनच उंची मोजता येईल की! पुढे स्वातंत्र्यलढ्यात त्याने लष्करी इंजिनिअर म्हणून काम केलं आणि स्पॅनिश सैन्याने १८१६ साली बोगोतात त्याला ठार केलं. त्याच्या नावाचं विद्यापीठ आज तिथे आहे. आपल्याला याचा उपयोग काय? बोगोतात पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे साध्या पातेल्यात राजमा तासन् तास शिजत बसतो. म्हणून तिथे घरोघरी प्रेशर कुकर. त्याला म्हणतात 'ओया पितादोरा', म्हणजे शिट्टी वाजवणारं भांडं! पहिल्यांदा शिट्टी ऐकली तेव्हा क्षणभर मला आपल्या वाड्यातच असल्यासारखं वाटलं.

इलेक्ट्रिकलवाले वाट बघत असतील, तर त्यांच्यासाठी. तिथे वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि प्लग दोन चपट्या पिनांचा, अमेरिकेसारखा. फोन-लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना फक्त पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर पुरे. पण पाणी तापवायचा रॉड घेऊन जाऊ नका. रोध तोच, व्होल्टेज निम्म्यावर, म्हणजे शक्ती जवळपास पावपट. २३० व्होल्टवरचा १,००० वॅटचा रॉड तिथे २७० वॅटच देतो. आपल्याकडे जी पंधरा लिटरची बादली पंचवीस मिनिटांत कढत होते, तिला तिथे दीड तास लागेल. करून बघा गणित!

पैशांची गंमत वेगळीच आहे. तिथलं चलन पेसो, पण चिन्ह मात्र डॉलरचं. ताटावर $ २०.००० लिहिलेलं पाहून दचकू नका, आणि वीस डॉलर समजून खूषही होऊ नका. तो टिंब दशांशचिन्ह नाही, आपण हजारानंतर स्वल्पविराम देतो त्या जागी ते टिंब देतात. दशांशासाठी स्वल्पविराम. म्हणजे आपल्या नेमकं उलट. हे वीस हजार पेसो झाले. अलीकडच्या वर्षांत डॉलरला साधारण चार हजारांच्या मागेपुढे पेसो मिळत आलेत, म्हणजे एका रुपयाला पंचेचाळीस-पन्नास. बोलताना 'हजार' गाळून टाकतात. टॅक्सीवाला 'किन्से' म्हणजे पंधरा म्हणाला तर पंधरा हजार समजायचे. पन्नास हजारांची नोट (तिच्यावर गाब्रिएल गार्सिया मार्केझ आहेत, लेखकाला नोटेवर बसवणारा देश!) छोट्या दुकानात मोडत नाही. 'सेन्सियो' म्हणजे सुट्टे. हा शब्द पहिल्याच दिवशी पाठ होतो, कारण आपल्या पीएमटीच्या कंडक्टरइतक्याच कळकळीने तो विचारला जातो. हॉटेलात बिलाआधी वेटर विचारतो, 'सर्व्हिस धरू का?' ही दहा टक्क्यांची टीप ऐच्छिक असते. आपले रुपये तिकडे कुणी बदलून देईल ही आशा सोडा. फॉरेक्स कार्ड आणि थोडे डॉलर न्या.

आता माझ्या आवडीचा भाग, भाषा. मोठ्या हॉटेलांबाहेर इंग्रजीचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा निघण्याआधी दोन-तीन महिने रोज अर्धा तास स्पॅनिशला द्याच. पण माझं म्हणणं थोडं पुढचं आहे. ही भाषा इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका! आपण सगळे इंग्रजी पुस्तकं आणि अ‍ॅप वापरतो आणि सरळ वाट सोडून वळसा घालतो.

उदाहरणं देतो. स्पॅनिशमध्ये 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून म्हणतात. इंग्रजांची 'ट'-'ड' जाता जात नाही, आपल्याला काहीच करावं लागत नाही. स्वर पाचच आणि स्वच्छ, आ ए इ ओ उ, जसं लिहिलं तसं वाचायचं. दोन 'र' मात्र सांभाळा. 'पेरो' म्हणजे 'पण', आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. लिंगं दोनच, ज्याने मराठीतली तीन पेलली त्याला दोनाचं काय कौतुक?

खरी मजा वाक्यरचनेत आहे. 'आय लाइक मँगो' हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं, यावर इंग्रजी पुस्तकं अख्खा धडा खर्च करतात, कारण त्यांना ते उलटं वाटतं. स्पॅनिशमध्ये म्हणतात 'मे गुस्ता एल मांगो'. 'मे' म्हणजे मला, 'गुस्ता' म्हणजे आवडतो. मला आंबा आवडतो. संपलं! आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. क्रियापद माझ्यामागे जात नाही, आंब्यामागे जातं, तंतोतंत मराठीसारखं. असंच 'मे पारेसे' म्हणजे मला वाटतं. 'मे फाल्तान दोस मिल' म्हणजे मला दोन हजार कमी पडतायत. दुखण्याचंही तेच. 'मे दुएले ला काबेसा', शब्दशः 'मला डोकं दुखतं'. आपण 'माझं डोकं' म्हणतो, एवढाच फरक. 'मे' काढून 'ले' घातलं की मलाच्या जागी 'त्याला' किंवा 'तिला'. हे एवढं एक सूत्र नीट बसलं की शंभर वाक्यं आपोआप तयार होतात.

शब्दही काही ओळखीचे निघतात. पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर जे शब्द सोडले त्यांची स्पॅनिश भावंडं तिकडे भेटतात. मेजाला 'मेसा', बालदीला 'बाल्दे', साबणाला 'हाबोन', पपईला 'पापाया'. पावाला मात्र 'पान' म्हणतात, त्यामुळे जेवणानंतर पान मिळेल का असं विचारलंत तर ब्रेड येईल.

तू आणि तुम्हीचं गणितही आपल्याला जमण्यासारखं आहे. पुस्तकात 'तू' आणि 'उस्तेद' असतं, 'तू' म्हणजे चक्क तू. मेदेयीनमध्ये मित्रांना 'बोस' म्हणतात. बोगोताकडे जवळच्या मित्रालाही 'उस्तेद', आणि आजूबाजूच्या खेड्यांत तर प्रेमाने 'सुमेर्से', म्हणजे मुळात 'आपली कृपा'. विदर्भातला आणि पुण्यातला 'तुम्ही' वेगळा वाजतो, तसंच समजा. शंका आली की 'उस्तेद' वापरावं. आमच्या घरमालकीणबाई मला 'मिहो' म्हणायच्या. मी-इहो, माझ्या लेकरा. दुकानात, लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरताना 'बुएनास' म्हणायचं. न म्हणता थेट कामाचं बोलणं उद्धटपणा समजतात. कॉफी मागताना 'रेगालेमे उन तिन्तो' म्हणतात, शब्दशः 'मला एक काळी कॉफी भेट द्या'. भेट वगैरे काही नसते, पैसे द्यावेच लागतात! आणि 'आओरिता' म्हणजे 'आत्ता'. आपल्याकडचा प्लंबर ज्या अर्थाने 'आत्ता येतो' म्हणतो, त्याच अर्थाने. आणखी एक, 'इन्दियो' म्हणजे तिथला आदिवासी, म्हणून 'सोय दे ला इन्दिया', मी भारताचा, असं सांगा. ते तुम्हाला 'इन्दू' म्हणतील. त्यात धर्म नसतो, भारतीय एवढाच अर्थ. माझा केरळचा ख्रिश्चन मित्र आधी दुरुस्ती करत बसायचा, मग त्याने नाद सोडला.

या मित्राचंच पुढे सांगायचंय. किनाऱ्यावरच्या आठव्या दिवशी, कार्ताहेनाला, त्याला ताप भरला. पहिल्या दिवशी उन्हाचा म्हणून सोडून दिला. तिसऱ्या दिवशीही १०२ च्या खाली येईना, अंग मोडून आलेलं, डोळे हलवले तरी दुखत होते. मी 'द्रोगेरिया' शोधत निघालो. नावाला घाबरू नका, द्रोगेरिया म्हणजे औषधाचं दुकान. काउंटरवरच्या मुलाने तापाचं ऐकल्याबरोबर आयबुप्रोफेनची पट्टी पुढे केली. सवयीचा भाग, गर्दी होती. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देत नाहीत, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे आपल्याकडे दर पावसाळ्यात पेपरात येतं म्हणून मला माहीत होतं. पण ते त्याला सांगायचं कसं? मग ते 'ले'चं सूत्र कामाला आलं. 'ले दुएले देत्रास दे लोस ओहोस', त्याला डोळ्यांच्या मागे दुखतंय. 'तिएने फिएब्रे देस्दे आसे त्रेस दीआस', तीन दिवस ताप आहे. 'देंगे' हा शब्द मला उच्चारावाच लागला नाही. मुलाने पट्टी मागे घेतली, आतून वयस्कर बाईंना बोलावलं. त्यांनी 'आसेतामिनोफेन' दिलं, म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच; तिकडे या नावाने मागायचं असतं. शिवाय पाण्यात घालायचे क्षार दिले आणि दोन गल्ल्या पलीकडचं 'उर्हेन्सियास', म्हणजे तातडीचा विभाग, कागदावर नकाशा काढून दाखवला.

तिथे रक्त तपासलं, डेंग्यूच निघाला. प्लेटलेट घसरलेले होते. दोन रात्री दवाखान्यात काढल्या. डॉक्टर दर वेळी विचारायचे ते प्रश्न असे: पोटात दुखतंय का, उलटी होते का, हिरड्यांतून रक्त येतंय का? ताप उतरल्यावर बरं वाटतं आणि धोक्याचे दिवस नेमके तेव्हाच असतात, म्हणून हे तीन प्रश्न स्पॅनिशमध्ये कळायला हवेत, उत्तरं तर हवीतच. मित्र कण्हत होता, मी दुभाषा. त्याच्या आईशी फोनवर इंग्रजीत, डॉक्टरांशी स्पॅनिशमध्ये, आणि मनातल्या मनात मराठीत जुळवाजुळव. घड्याळही विचित्र, तिथे सकाळचे आठ म्हणजे भारतात संध्याकाळचे साडेसहा. प्रवास विमा होता म्हणून खर्चाचा डोंगर कोसळला नाही. विमा घेताना दवाखान्यात भरती झाल्यावर पैसे थेट तेच भरतात की आधी आपण भरायचे, हे विचारून घ्या. आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो. मच्छरदाणी लावून रात्री निर्धास्त झोपलात तरी दुपारी समुद्रावर उघड्या पोटऱ्यांना 'रेपेलेन्ते' लावलं नाही तर उपयोग नाही. मित्र ठणठणीत होऊन परतला.

शाकाहारी मंडळींनी एक वाक्य पाठ करावं. 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो'. मी मटण खात नाही, कोंबडी नाही आणि मासेही नाही. फक्त 'कार्ने नको' म्हटलं तर कोंबडी येते, कारण 'कार्ने' म्हणजे त्यांच्या मते बैल-डुकराचं मांस. राजम्यात डुकराची चरबी आणि सूपमध्ये कोंबडीचं पाणी असू शकतं, तेही विचारून घ्या. पण उपाशी राहायची वेळ येत नाही. मक्याची भाकरी 'आरेपा', हिरव्या केळ्याचे तळलेले चपटे काप 'पाताकोन', मसूर म्हणजे 'लेन्तेहास', किनाऱ्यावर नारळाच्या दुधातला भात. कच्ची कैरी मीठ-लिंबू लावून गाड्यावर मिळते, तिचं नाव 'मांगो बिचे'. आणि कोल्हापूरकरांनो, तिथे गूळ आहे! 'पानेला' म्हणतात, गुऱ्हाळाला 'त्रापिचे', आणि गरम पाण्यात गूळ विरघळवून थंडीत पितात ते 'आग्वापानेला'. सोबत चीजचा तुकडा घालून. ऐकायला कसंतरी वाटतं, पण बोगोताच्या थंडीत झकास लागतं. पिण्याचं पाणी बोगोता-मेदेयीनला नळाचं चालतं, किनाऱ्यावर बाटलीचंच घ्यावं.

प्रवासाबद्दल थोडक्यात. नकाशावरचे किलोमीटर बघून बेत आखू नका. बोगोता ते मेदेयीन सव्वाचारशे किलोमीटर, बसने नऊ-दहा तास, कारण सगळा घाटच घाट. पावसात दरड कोसळली की 'देर्रुम्बे' म्हणतात आणि गाडी थांबते. रात्रीच्या बसमध्ये एसी इतका जोरात असतो की खाली उष्ण प्रदेशात जातानाही स्वेटर वरच्या बॅगेत हवा. शहरात फिरायचं तर सिव्हिलवाल्यांनी दोन गोष्टी चुकवू नयेत. बोगोताची ट्रान्समिलेनियो बस, डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेली. आपल्या पुण्यातला २००६ चा बीआरटीचा प्रयोग याच शहराकडे बघून झाला. गर्दी आपल्याइतकीच, पण बस खरोखर स्वतःच्या मार्गिकेतून धावते! दुसरी, मेदेयीनची मेट्रोकेबल. २००४ साली डोंगरउतारावरच्या वस्त्यांना मेट्रोशी जोडण्यासाठी त्यांनी रोपवे घातला, हौशी पर्यटकांसाठी नव्हे तर कामावर जाणाऱ्यांसाठी. मी रोज तिच्यातून जात असे. समोर भाजीची पिशवी घेतलेल्या आजी, खाली पत्र्याची घरं आणि लटकणारे कपडे.

सुरक्षिततेबद्दल सगळे विचारतात. तिथे एक म्हण आहे, 'नो दार पापाया', पपई देऊ नकोस. म्हणजे समोरच्याला आयती संधी देऊ नकोस. फोन हातात नाचवत रस्त्यावरून चालणं, ही झाली पपई. रात्री रस्त्यावरची टॅक्सी हात दाखवून थांबवणं, हीसुद्धा पपई. अ‍ॅपवरून नाहीतर फोन करून बोलवा. अनोळखी माणसाने दिलेलं पेय घेणं ही मोठी पपई, त्यात गुंगीचं औषध घातल्याचे प्रकार होतात. तातडीचा फोन नंबर १२३. याउपर मला सहा आठवड्यांत काही त्रास झाला नाही.

शेवटी, जाताना यजमानांसाठी काय न्यायचं? लोणचं नेऊ नका. कोलंबियन जेवण अजिबात तिखट नसतं, आमच्या मालकीणबाईंनी कैरीच्या लोणच्याची एक फोड खाऊन तीन ग्लास पाणी प्यायलं. नारळाच्या वड्यांचंही त्यांना अप्रूप नाही. कार्ताहेनात 'कोकादास' नावाने त्या ढिगाने विकतात. चहाचा मसाला न्या, आणि थोडी वेलची. आग्वापानेलात वेलची घालून दिली तेव्हा त्या घरातली सगळी मंडळी स्वयंपाकघरात जमली होती, आणि निघायच्या दिवशी बाईंनी डबीत किती उरलीय ते मोजून बघितलं.